कलासंवाद : चित्र पुरे होण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : कलाकृती चांगली झाली नाही, तर ती करण्यात गेलेल्या वेळेचे काय? तिघांची वये आणि कामे वेगळी आहेत, म्हणून उत्तरेही वेगळी दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी जलरंग शिकू लागले. कोथरूडला राहते. रविवारी सकाळी आमचा छोटासा गट शहरात कुठेतरी बसून चित्रे काढतो. कधी ओंकारेश्वराजवळ, कधी मंडईसमोर, कधी विश्रामबागवाड्यापुढे. जागा ठरवण्यात आणि नुसते पाहत बसण्यातच माझा बराच वेळ जातो, आणि शेवटी जे चित्र तयार होते ते भिंतीवर लावावे असे क्वचितच वाटते. वह्यांचा ढीग मात्र वाढतो आहे. घरातली माणसे प्रेमानेच विचारतात, ‘आई, या सगळ्याचे पुढे काय करणार?’ प्रदर्शन भरवण्याइतकी माझी चित्रे चांगली नाहीत, हे मला कळते. मग या वेळेला खरोखर काही अर्थ आहे, की मी केवळ मनाची समजूत घालते आहे?

उत्तर : ‘पुढे काय करणार’ या प्रश्नात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली आहे; ती अशी की, ब्रश खाली ठेवल्यानंतरच चित्राची किंमत सुरू होते. मला हे गृहीतकच मान्य नाही. रविवारच्या त्या दोन तासांत जे मिळायचे ते बहुतेक सगळे त्या दोन तासांतच मिळालेले असते, आणि कागदावर त्यातला जो अंश उतरतो तो उरलेल्या भागाची पावती नसतो.

विश्रामबागवाड्याचेच पाहा. तुळशीबागेकडे जाताना पुणेकर त्याच्यासमोरून आयुष्यभर ये-जा करतात. १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेल्या या वाड्याचा दर्शनी सज्जा, त्याचे लाकडी सुरूदार खांब आणि त्यांवरचे कोरीवकाम सर्वांनी पाहिलेले असते. पण त्या सज्जाखालची सावली तपकिरी आहे की निळसर, खांबाची कोणती कड उजेडात विरघळते आणि कोणती कड धारदार राहते, हे विचारले तर सांगणारे थोडे निघतील. जलरंगात बसून चित्र काढणाऱ्याला हे प्रश्न टाळता येत नाहीत. पारदर्शक रंगात काम करताना पांढरा म्हणजे कोरा कागद. जिथे ऊन पडले आहे ती जागा ब्रश लावण्यापूर्वीच ठरवून राखावी लागते, कारण गडद नंतर चढवता येतो, पण हरवलेला उजेड क्वचितच परत मिळतो. रंगाचा पहिला हात ओला असताना दुसरा रंग सोडायचा की तो सुकू द्यायचा, हा निर्णयही तिथेच, त्या क्षणी घ्यावा लागतो. एवढ्या बारकाईने पाहणे ही रोजच्या जगण्यात आपल्याकडून कुणी मागत नाही अशी गोष्ट आहे, आणि चित्र काढण्याचे निमित्त नसते तर आपणही ती केली नसती. शेवटी रंग मळला, वाडा किंचित कलला, तरी पाहिलेले वाया जात नाही.

नुसते पाहण्यात वेळ जातो याबद्दल आपण जवळजवळ क्षमा मागितल्यासारखे लिहिले आहे. त्याबद्दल मला विशेष सांगायचे आहे. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या दोन अमेरिकी अभ्यासकांनी शिकागोतील कलाशाळेच्या ३१ विद्यार्थ्यांना २७ वस्तू दिल्या, त्यांतून हव्या त्या निवडून मांडायला सांगितले आणि त्या मांडणीचे चित्र काढायला सांगितले. काही विद्यार्थ्यांनी दोन-चार वस्तू उचलल्या, झटपट मांडल्या आणि उरलेला वेळ चित्र सफाईदार करण्यात घालवला. काहींनी वस्तू हाताळल्या, फिरवून पाहिल्या, मांडणी मोडली, आणि चित्र सुरू केल्यानंतरही ते मधेच बदलले. जाणकार परीक्षकांना या दुसऱ्या गटाची चित्रे अधिक स्वतंत्र वाटली, आणि पुढे काही वर्षांनी त्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला तेव्हा कलाक्षेत्रात टिकून नाव मिळवणाऱ्यांमध्येही त्यांचेच प्रमाण जास्त आढळले. हा अभ्यास १९७६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ‘पाहत बसलात तर उद्या यश मिळेल’ असे आश्वासन म्हणून मी तो सांगत नाही. तसे म्हटले तर आपण पुन्हा परिणामाच्याच हिशेबात अडकू. काय काढायचे हे शोधण्यात गेलेला वेळ चित्राच्या बाहेरचा नसून तो चित्राचाच पहिला भाग असतो, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

पुण्याच्या रसिकांना तर ही गोष्ट संगीतातून केव्हाच कळलेली आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात माणसे डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून तासन्‌तास बसतात, ती कोणत्या तयार वस्तूसाठी? विलंबित ख्याल मांडताना गायक मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या स्वरांत, रेंगाळतो, एकेका स्वराला त्याची जागा देत बढत करतो, आणि तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या ‘सा’पर्यंत, यायला भरपूर वेळ घेतो. तो षड्ज पहिल्या मिनिटालाही लावता आला असता, गळ्यात तो होताच. पण तसा लावला असता तर ऐकण्यासारखे काही घडले नसते. श्रोते राग घडताना ऐकायला आलेले असतात. मैफल संपल्यावर त्यांच्या हातात घरी नेण्यासारखे काहीही नसते, आणि तरी त्यांना ‘याचे पुढे काय करणार’ असे कुणी विचारत नाही. जो मान आपण ऐकणाऱ्याच्या वेळेला देतो, तो चित्र काढणाऱ्याच्या वेळेला का देत नाही, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

आता वह्यांबद्दल. १९३७ साली पॅरिसमध्ये पिकासो ‘गेर्निका’ रंगवत असताना दोरा मार या छायाचित्रकर्तीने त्या प्रचंड चित्राच्या निरनिराळ्या अवस्था टिपून ठेवल्या. सुरुवातीच्या एका अवस्थेत जमिनीवर पडलेल्या योद्ध्याचा हात मूठ वळून ताठ वर उठलेला दिसतो. पुढे त्या मुठीत धान्याची कणसे येतात, मागे सूर्यासारखा आकार येतो, आणि मग हे सगळेच नाहीसे होते. पूर्ण झालेल्या चित्रात तो हात आडवा पडलेला आहे. केवळ अंतिम चित्र पाहणाऱ्याला पिकासोने कशाचा त्याग केला हे कधीच कळले नसते. आपल्या वह्या आपल्यासाठी तेच काम करतात. त्यांतले प्रत्येक पान वेगळे काढून ‘हे चांगले, हे वाईट’ अशी छाननी करू नका. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची, एकाच जागेची दोन पाने शेजारी ठेवून पाहा.

‘मनाची समजूत’ हा आपला संशय मात्र मी उडवून लावणार नाही. तो प्रामाणिक आहे आणि त्याची परीक्षा करता येते. जर दर रविवारी तेच झाड त्याच तीन फटकाऱ्यांत आणि तेच आकाश त्याच निळ्यात येत असेल, तर प्रक्रियेचेही फक्त सवयीत रूपांतर झालेले आहे आणि मग तिचे मोल खरोखरच उतरते. प्रक्रियेला मोल द्यायचे म्हणजे तिच्यात दरवेळी काहीतरी खरेखुरे विचारायचे. पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवा : आज मला काय पाहायचे होते? मंडईच्या मधल्या अष्टकोनी मनोऱ्यावर नऊच्या सुमाराला पडणारे ऊन, किंवा ओंकारेश्वराच्या शिखराची पाण्यातली आकृती, असे अगदी ठरावीक काहीतरी. घरच्या माणसांना वही दाखवाल तेव्हा ही ओळ आधी वाचून दाखवा आणि मग पान उलटा. ‘छान झाले’ किंवा ‘जमले नाही’ याऐवजी त्यांच्याकडून दुसरे काही ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका चित्रकला वर्गात ती दोन वर्षे जाते. वर्गातून येणारी चित्रे इतकी सफाईदार असतात की पाहुणे थक्क होतात, पण त्यांवर बाईंचा हात फिरलेला असतो हे मला दिसते. स्पर्धांत तिला पदकेही मिळाली आहेत. पूर्वी ती घरी जमिनीवर, वर्तमानपत्राच्या कडांवर, मिळेल तिथे काढत बसायची. आता ती स्वतःहून काहीच काढत नाही, आणि मी सुचवले तर विचारते, ‘याला बक्षीस आहे का?’ वर्ग बदलावा का? एलिमेंटरी परीक्षेची तयारी लवकर सुरू करावी असेही वर्गात सांगितले जाते.

उत्तर : बाईंशी एकदा स्पष्ट बोला. मुलीच्या कागदावर त्यांनी स्वतःचा हात फिरवू नये, एवढी एकच विनंती करा. ती मान्य होत नसेल तर वर्ग बदला, किंवा वर्षभर कोणताच वर्ग नको. दुसऱ्याने सुधारून दिलेले चित्र मुलाला एवढेच शिकवते की, त्याला स्वतःला जे दिसले ते पुरेसे नव्हते.

तुमच्या मुलीचा बक्षिसाविषयीचा प्रश्न ऐकून मन उदास झाले, पण आश्चर्य वाटले नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढण्याची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून नंतर ते दिले. काहींना आधी न सांगता अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची ओढ मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाने तेवढा केला नाही, जेवढा ‘बक्षिसासाठी काढायचे’ या करारामुळे झाला. जे काम मूल आपल्या आनंदाने करत होते, ते त्याच्या दृष्टीने मोबदल्याचे काम ठरले, आणि मोबदला थांबताच कामही ओसरले.

आठव्या वर्षी मुले आकाश कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी म्हणून काढतात, जमीन खालच्या कडेला रेघ म्हणून काढतात, आणि घराची भिंत पारदर्शक असल्यासारखी आतली आजी, गॅस आणि पंखाही दाखवतात. मोठ्यांना या चुका वाटतात. त्या चुका नाहीत. घराविषयी आपल्याला जे जे माहीत आहे ते एका कागदावर कसे बसवायचे, या अवघड प्रश्नाला मुलाने स्वतः शोधलेले ते उत्तर आहे, आणि जगभरच्या मुलांच्या चित्रांत ते आढळते. दोन-तीन वर्षांत त्याच मुलाला ते उत्तर अपुरे वाटू लागते आणि ते पुढचे शोधते. मधेच कुणी क्षितिजरेषा आखून दिली, तर तो शोधच थांबतो.

घरी सध्या ‘चित्र काढ’ असे सांगू नका. जाड कागद, खडू, थोडी शाडूची माती तिच्या हाताला लागेल अशी ठेवा आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून काहीतरी करा. भाजीची यादी लिहिता लिहिता कडेला वांगे काढलेत तरी चालेल. तिने काही दाखवले तर लगेच ‘वा, सुंदर’ म्हणू नका, कारण तो शेराही एक छोटे पदकच आहे. ‘इथे काय चालले आहे?’, ‘हा रंग कसा केलास?’ असे विचारा आणि तिचे उत्तर पूर्ण ऐका. पाहुण्यांसमोर पदके मांडण्याची पद्धतही काही काळ बाजूला ठेवावी, असे मला वाटते.

एलिमेंटरीची घाई करण्याचे काहीच कारण नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची ती शासकीय परीक्षा माध्यमिक शाळेच्या वयात देतात, आणि त्या वयात प्रमाणबद्धतेची ओढ मुलांना आपोआप लागलेली असते. तोपर्यंत तिच्या हातात खडू टिकला, तर तयारी काही महिन्यांत होईल.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमची एक हौशी नाट्यसंस्था आहे, आणि महाविद्यालयीन एकांकिकांच्या मुलांनाही मी मार्गदर्शन करतो. यंदा आमच्या मुलांची एकांकिका पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीतच बाद झाली. मला वाईट वाटले, पण मुले म्हणाली, ‘सर, प्रोसेस एन्जॉय केली, निकालाचे काय!’ मला हे बोलणे पळवाटेचे वाटते. प्रेक्षक तालीम पाहायला येत नाही, प्रयोग पाहायला येतो. आपण आपल्या सदरातून नेहमी प्रक्रियेचा गौरव करता. त्यामुळे आळसाला प्रतिष्ठा मिळते, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : आपला राग मला समजतो आणि त्यातला अर्धा भाग मला मान्यही आहे. प्रेक्षकाने संध्याकाळ दिलेली असते, आणि त्याला नीट ऐकू येणारा, नीट दिसणारा, पूर्ण बसवलेला प्रयोग मागण्याचा हक्क आहे. शेवटच्या प्रवेशाची तालीम टाळून, प्रकाशयोजना आदल्या रात्रीवर ढकलून ‘आम्ही प्रक्रियेचा आनंद घेतला’ असे कुणी म्हणत असेल, तर त्याने प्रक्रियेचा सर्वांत कठीण भागच सोडून दिलेला आहे. काम पुरे करणे हीदेखील प्रक्रियाच आहे, आणि बहुतेकांचा कस तिथेच लागतो.

परंतु प्रक्रियेला मोल दिल्याने आळस वाढतो, हे मला पटत नाही. आपल्या पेठेपासून फार लांब नसलेल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातकामाचे भांडे कसे होते ते आपण पाहिले असेल. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की कडक होत जातो, आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून मधेच तो तापवून मऊ करावा लागतो आणि मग पुन्हा ठोके. शेवटी मठारकाम येते : गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक असे ठोके देत भांड्याचे सबंध अंग भरून काढायचे. चमकणारी ती गोल टिंबे गिऱ्हाइकाला नक्षी वाटतात, पण त्याच ठोक्यांनी भांड्याच्या अंगाला बळकटी येते. एक ठोका वाकडा पडला तर दिसतो. इथे आळसाला जागा कुठे आहे? ठोकणाऱ्याचे लक्ष पुढच्या ठोक्यावर असते, म्हणून भांडे चांगले होते. विक्रीच्या किमतीवर लक्ष ठेवून हात चालवला, तर ठोका हमखास चुकेल.

नाटकाचेही तसेच आहे. ‘करंडक मिळाला पाहिजे’ या विचाराने नटाला वाक्याचा श्वास कुठे घ्यायचा हे कळत नाही. ते समोरच्या नटाचे वाक्य खरोखर ऐकल्यावरच कळते, आणि ऐकायची सवय लागायला पावसाळाभराच्या तालमी लागतात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही स्पर्धा भरवते आहे. इतक्या वर्षांत त्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या हाती करंडक लागला असणार. बाकीच्यांनी त्या तालमींतून काहीच नेले नाही असे म्हणायला आपणही तयार होणार नाही, कारण आपण स्वतः आजही मुलांना शिकवता ते पदकाच्या जोरावर नव्हे.

मुले खरे बोलतात की पळवाट काढतात, हे ओळखायचे असेल तर त्यांना निकालाबद्दल विचारू नका. ‘तिसऱ्या आठवड्यात आपण तो मधला प्रवेश का बदलला?’, ‘तुझी भूमिका पहिल्या वाचनापासून शेवटच्या तालमीपर्यंत कुठे वळली?’ असे विचारा. ज्याला उत्तर देता येते, त्याने प्रक्रिया जगलेली आहे आणि त्याचा आनंद आपण मान्य केला पाहिजे. ज्याला फक्त ‘मजा आली’ एवढेच म्हणता येते, त्याला पुढच्या वेळी तालमीची वही ठेवायला सांगा. रोज चार ओळी, त्या दिवशी काय करून पाहिले आणि का सोडले एवढेच. आणि पुढच्या वर्षी ही प्रश्नोत्तरांची बैठक प्रयोग झाल्यानंतर, पण निकाल जाहीर होण्याच्या आत घ्या. निकाल लागला की जिंकलेल्यांना आपले सगळेच निर्णय बरोबर वाटू लागतात आणि हरलेल्यांना सगळेच चुकीचे, आणि मग त्या वहीतले खरे कुणी वाचत नाही.